सायन्सअण्णा

सायन्सअण्णांना शोधायला पत्ता लागत नाही. सात रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर, सिद्धेश्वर तलावाकाठी सकाळी फिरणाऱ्यांच्या घोळक्यात, नव्या पेठेत लग्नाच्या बस्त्याला आलेल्या मंडळींत एक तरी माणूस असा असतोच, की शेजारच्यानं नुसतं शिंकावं आणि यानं चष्मा कपाळावर चढवून, तर्जनी वर करून म्हणावं, ‘‘ह्याच्यामागं सायन्स हाय बघा.’’ तो बँकेतून निवृत्त झालेला असेल, यंत्रमागांचा मालक असेल किंवा जावयाच्या मेडिकल दुकानात दुपारी बसत असेल. सोलापुरात वडीलधाऱ्याला अण्णा म्हणायची रीत असल्यानं तो अण्णा असतो. पानात मीठ डावीकडं का वाढतात, कान का टोचतात, उंबऱ्यावर का बसू नये, संक्रांतीला तीळच का, या सगळ्यामागं सायन्स असतं. अण्णांचा हिशेब सरळ आहे: घरात आजीनं जे जे केलं ते ते अमेरिकेत कुणीतरी नुकतंच शोधून काढलेलं असतं. कुणी, कुठं, कधी असं विचारणं हा अगोचरपणा. एखाद्या पोरानं तो केलाच, तर अण्णा म्हणतात, ‘‘नासा!’’ आणि चहाचा पुढचा घोट घेतात.

उत्तरेकडं डोकं करून झोपू नये, हा त्यांचा हुकमी विषय. पृथ्वी लोहचुंबक, रक्तात लोह, म्हणून रात्रभर रक्त मेंदूकडं ओढलं जातं, असं ते सांगतात आणि ऐकणारा त्या रात्री मुकाट्यानं खाट फिरवतो. रक्तात लोह असतं हे खरं, पण ते हिमोग्लोबिनच्या रेणूत गुंतलेलं असतं. खिळ्यातल्या लोखंडासारखं ते चुंबकाला चिकटत नाही. त्याहून सोपा पुरावा दवाखान्यात आहे. एमआरआयचं नेहमीचं यंत्र दीड टेस्लाचं असतं, म्हणजे आपल्याकडच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पटींहून जास्त. त्यात माणसाला आडवं करून सरकवतात आणि अर्ध्या तासानं तो उठून रिपोर्टची वाट बघत बसतो. त्याचं रक्त डोक्यात जमा झालेलं नसतं. पिंपळाचंही तसंच. तो रात्री ऑक्सिजन सोडतो असं अण्णा छातीठोकपणे सांगतात. पण वनस्पती ऑक्सिजन सोडते ते पाण्याचा रेणू प्रकाशाच्या जोरावर फोडून, आणि अंधारात तो जोर नसतो. निवडुंगासारख्या काही वनस्पती रात्री कार्बन डायऑक्साइड घेऊन ठेवतात, पण ऑक्सिजन सोडायला त्यांनाही सकाळच लागते. हे ऐकून अण्णा खचत नाहीत. ते म्हणतात, ‘‘मग रात्री घ्यायचं नि सकाळी सोडायचं, ह्याच्यामागं पण सायन्सच हाय की!’’ इथं मात्र ते बरोबर असतात, आणि वाद घालणाऱ्याची पंचाईत होते.

अण्णांची खोड चुकीची माहिती सांगण्यात नाही. तशी आपण सगळेच सांगतो. ती त्यांच्या एका न विचारलेल्या प्रश्नात आहे. २१ जून २०२०चं सूर्यग्रहण आठवा. परातीत पाणी घालून मुसळ उभं केलेले व्हिडिओ महाराष्ट्रात, कर्नाटकात मोबाइलवरून मोबाइलवर फिरत होते. ग्रहणकाळात मुसळ आधाराशिवाय उभं राहतं, सूर्य-चंद्राच्या ओढीचा परिणाम, ह्याच्यामागं सायन्स हाय. आता त्या दोघांच्या भरती-ओहोटीच्या ओढीनं आपल्या वजनात पडणारा फरक एक कोटी भागांत एक-दोन भाग एवढाच असतो, आणि तोही दर अमावास्येला जवळपास तेवढाच. पण एवढं गणितही नको. ग्रहण सुटल्यावर दुसऱ्या दिवशी तेच मुसळ त्याच परातीत उभं करून बघायचं होतं. ते उभं राहतं. बूड सपाट असलं आणि हात स्थिर असला की मंगळवारीसुद्धा राहतं. अंधश्रद्धाविरोधी कार्यकर्त्यांनी हे करून दाखवलंही. अण्णांच्या घरी मात्र ग्रहण सुटल्यावर परात घासून मांडणीला लागली होती. ‘एरवी काय होतं?’ हे त्यांनी विचारलं नाही, आणि माझ्या मते विज्ञान आणि ‘सायन्स हाय’ यांच्यातलं सगळं अंतर या प्रश्नाएवढंच आहे.

हा प्रश्न विचारायला केवढं मोठं मन लागतं, याचं उदाहरण सोलापूरच्याच आभाळात घडलं आहे. जिल्हा पर्जन्यछायेतला, ढग येतात, रेंगाळतात आणि न बरसता जातात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेनं म्हणून इथंच कृत्रिम पावसाचा प्रयोग मांडला. २०१८ आणि २०१९च्या पावसाळ्यांत विमानानं ढगांच्या तळाशी जाऊन कॅल्शियम क्लोराइडचे कण सोडले. हे कण बाष्प ओढून घेतात, मोठे थेंब तयार होतात, ते लहान थेंबांना गिळत खाली येतात. ढग निवडले २७६, पण फवारणी त्यातल्या साधारण निम्म्यांतच केली. कुठल्या ढगात करायची हे नशिबावर सोडलं होतं. उरलेले ढग मुद्दाम तसेच जाऊ दिले, फक्त मोजमाप घेत राहिले. दुष्काळी जिल्ह्याच्या डोक्यावर पाण्यानं भरलेला ढग आणि हाताशी औषध असताना त्याला हात न लावणं! पण तसं केलं म्हणूनच पुढं सांगता आलं की फवारणीनं पाऊस सुमारे १८ टक्के वाढला. सगळ्याच ढगांत फवारणी केली असती, तर पडलेला पाऊस औषधाचा की देवाचा, यावर आजही टपरीवर चर्चा चालली असती. ती तशीही चालतेच. त्या दिवसांत अण्णांचे दोन पक्ष होते: विमानानं पाऊस पाडला म्हणणारे आणि विमानानं ढग पळवले म्हणणारे. दोन्हींच्या मागं सायन्स होतं. कुठल्याही पक्षातल्या अण्णांनी न फवारलेल्या ढगाची चौकशी केली नाही.

जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली फलज्योतिषाची चाचणी घेतली तीही याच न्यायानं. बुद्धिमान मुलांच्या शंभर आणि मतिमंद मुलांच्या शंभर कुंडल्या जमवून, मिसळून ज्योतिषांना वेगळ्या करायला दिल्या. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. ४६ टक्के बरोबर आली. नाणं उडवलं असतं तर पन्नासच्या आसपास आली असती.

आता कुणी म्हणेल, अण्णांच्या बोलण्यानं कुणाचं काय बिघडलं? खाट फिरवली, पिंपळाखाली बसले, नुकसान काय? थोडं आहे. खोट्या कारणांच्या गर्दीत खरी कारणं दिसेनाशी होतात, आणि सोलापुरात खरी कारणं तर पावलोपावली आहेत. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर गेला की इथं माठातलं पाणी जसं गार होतं तसं मुंबईत होत नाही. माठ पाझरतो, बाहेर आलेल्या पाण्याची वाफ होते आणि एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला लागणारी पाचशे ऐंशीच्या आसपास कॅलरी उष्णता आतल्या पाण्यातून जाते. मुंबईची हवा आधीच बाष्पानं भरलेली, तिथं वाफ होणार कशी? अण्णा मात्र माठाच्या थंडाव्याचं श्रेय मातीच्या सात्त्विकतेला देतात आणि घरी कूलर लावताना सगळ्या खिडक्या घट्ट बंद करतात. मग खोलीतली हवा ओली होते, वाफ होणं थांबतं, आणि ते घामाघूम होऊन कूलरच्या कंपनीला शिव्या देतात. ज्वारीच्या भाकरीला कढत पाणी का लागतं? ज्वारीत गहू बांधणारं ग्लूटेन नसतं. गरम पाण्यात पिठातला स्टार्च फुगतो, तोच भाकरी धरून ठेवतो. पीठ जुनं झालं की विरी जाते आणि भाकरी थापतानाच चिरते, हे घरातल्या बाईला ठाऊक असतं. पण ती स्वयंपाकघरात असते आणि अण्णा ओसरीवर भाकरीतल्या प्राणशक्तीवर बोलत असतात. गड्ड्याच्या यात्रेत मानकरी उंचच उंच नंदीध्वज तोलून चालतात. उभी लांब काठी आखूड काठीपेक्षा सावकाश कलते, म्हणून सावरायला उसंत मिळते. झाडूचा दांडा आणि पेन्सिल बोटावर उभी करून कुणीही हे पडताळून बघावं. त्यात मानकऱ्यांच्या कसबाला कमीपणा येत नाही, उलट ते कसब नेमकं कशात आहे ते कळतं. अण्णा त्याच मिरवणुकीत उभे राहून बांबूतून वर जाणाऱ्या भूगर्भातल्या ऊर्जेबद्दल सांगत असतात.

दुसरा आक्षेप जरा जड आहे: परंपरेची चेष्टा करता का? नाही. माझं म्हणणं असं की परंपरेची खरी अडचण अण्णांनीच केली आहे. संक्रांतीला तिळगूळ गोड लागतो, माणसं भेटतात, एवढं पुरेसं होतं. अण्णांनी त्याला प्रयोगशाळेचा दाखला जोडला आणि दाखला खोटा निघाला की नातू तिळगुळालाच हसतो. वर उत्तरायणाचं सायन्स सांगायला जावं, तर सूर्य उत्तरेकडं वळतो तो २१-२२ डिसेंबरला. पृथ्वीच्या आसाच्या संथ गिरकीमुळं संक्रांत त्यापासून सरकत सरकत १४ जानेवारीवर आली आहे. सण कारणांवर उभा नव्हता. त्याला कारणांचे टेकू देऊन अण्णांनी तो डळमळीत केला.

इतकं झोडपल्यावर एक गोष्ट नाइलाजानं मान्य करायला हवी. शहरात पोरांच्या ‘का?’ला बसल्या जागी उत्तर देणारा माणूस अण्णांशिवाय फारसा उरलेला नाही. बाप म्हणतो, ‘‘गप बस बे’’. मास्तर म्हणतात, ‘‘परीक्षेला नाही’’. मोबाइल उत्तर देतो, पण पोराच्या डोळ्यांकडं बघत नाही. अण्णा बघतात. उत्तर चुकीचं असेल, पण जगातल्या प्रत्येक गोष्टीला काहीतरी कारण असतं, हा विश्वास पक्का असतो, आणि तो विश्वास नसेल तर बरोबर उत्तर तरी कुणी शोधायचं? पाऊण शहर दुपारी पंखा लावून झोपलेलं असताना, मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, होम मैदानावर भर उन्हात पाण्याची बाटली उभी करून तिची सावली नाहीशी होताना बघणारा माणूस हाच. घरचे म्हणतात, अण्णांचं डोकं तापलंय. खरं तर त्या दिवशी सूर्य सोलापूरच्या बरोबर माथ्यावर येतो. घड्याळात मात्र तेव्हा बारा नाही, साडेबाराला थोडी मिनिटं कमी असतात, कारण घड्याळ चालतं ८२.५ अंश रेखांशावर आणि सोलापूर आहे ७६च्या जवळ.

तेव्हा येत्या मे महिन्यात डोक्याला टॉवेल बांधून अण्णांच्या शेजारी पाच मिनिटं उभे राहा. ते सावलीच्या लोपाबद्दल काय सांगतील ते ऐकून घ्या, आणि मग तेवढं एकच विचारा, ‘‘अण्णा, एरवी काय होतं?’’ ढग नसले तर २१ जूनला मध्यान्हीच्या सुमारास त्याच जागी एक मीटरची काठी त्यांनाच उभी करायला लावा. सोलापुरात भर दुपारची सावली वर्षातला बहुतेक काळ उत्तरेला पडते. त्या दिवशी ती दक्षिणेला पडेल, सुमारे दहा सेंटिमीटर. दक्षिण दिशा म्हटल्यावर अण्णांचं बोट वर जाणारच. जाऊ द्या, पण त्याआधी पट्टी त्यांच्या हातात द्या.