अण्णांची बीएसए

‘सगळं ओरिजिनल आहे हं,’ असं अण्णा म्हणाले की समजावं, परवाच काहीतरी नवीन बसलंय.

अण्णा आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतात, पण त्यांचं टपाल जिन्याखाली दिलं तरी पोचतं. तिथे त्यांच्या वडिलांनी सेकंडहँड घेतलेली बीएसए उभी असते. बी-३१, साडेतीनशे सीसी, घोडे सतरा. १८६१ साली बर्मिंगहॅमला बंदुका करायला निघालेली ही कंपनी. मोटरसायकली करू लागली तरी चिन्हात तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्याच राहिल्या. हे मला ठाऊक आहे, कारण जिन्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे. गॅसवाल्यालासुद्धा.

अण्णांचं स्वप्न साधं आहे. त्यांना ‘मिक्स’ चालवायचं आहे. म्हणजे निम्मा रस्ता डांबरी, निम्मा कच्चा. कात्रजच्या बोगद्यातून बाहेर पडावं, हायवे सोडावा आणि जिथे मैलाचे दगडही संपतात तिथे गाडीवर बसूनच जावं. आता ही गाडी त्यासाठी केलेली नाही, हे त्यांनाही पक्कं माहीत आहे. म्हणून तर काम निघालं. ‘फक्त एवढं झालं की निघायचं,’ हे त्यांचं आवडतं वाक्य. त्यातलं ‘एवढं’ दर महिन्याला बदलतं.

सुरुवात दिव्यापासून झाली. गाडीला सहा व्होल्टचा, साठ वॅटचा डायनॅमो. त्या उजेडात खड्डा दिसायचा, पण त्यात गेल्यावर. अण्णांनी सगळं बारा व्होल्टवर नेलं, एलईडी बसवला. मात्र बाहेरून काही कळता कामा नये! ल्यूकासच्या जुन्या बॅटरीचं काळं खोकं त्यांनी आतून पोखरलं आणि त्यात स्कूटरची छोटी सीलबंद बॅटरी लपवली. रेग्युलेटरच्या डब्यातलं जुनं पोट काढून इलेक्ट्रॉनिक पोट घातलं, झाकण तेच. पाहुणे आले की ते अभिमानाने हेच दाखवतात: कुठे काही दिसतंय का? दिसत नाही. मग स्वतःच स्क्रूड्रायव्हर आणून उघडून दाखवतात.

ब्रेकबद्दल त्यांची मतं ठाम आहेत. ‘ब्रिटिश ड्रम ब्रेक म्हणजे अर्ज असतो रे. आपण करायचा, मंजूर कधी होईल ते वरच्यांच्या हातात.’ डिस्क बसवली तर बाहेरून दिसेल, म्हणून त्यांनी नुसतं लायनिंग बदललं आणि आता अर्ज लवकर पुढे सरकतो असं त्यांचं म्हणणं आहे. त्यातून या गाडीचा पायाचा ब्रेक डावीकडे आणि गिअर उजवीकडे. अण्णांचे पाय तसेच घडलेले. एकदा मुलाची गाडी घेऊन दूध आणायला गेले आणि टिळक रोडवर गिअर टाकायला म्हणून उजवा पाय दाबला. मागचा रिक्षावाला जे म्हणाला ते अण्णा वहिनींसमोर सांगत नाहीत.

पान्यांचा एक वेगळाच अध्याय आहे. व्हिटवर्थ मापाचे पाने घरातल्या तिजोरीत असतात, दागिने बँकेत. पान्यावर पाव इंच लिहिलेलं असतं आणि तोंड असतं अर्ध्या इंचाहून मोठं, कारण आकडा नटाचा नाही, आत जाणाऱ्या बोल्टच्या जाडीचा. हे कळायला माणूस हुशार लागतो आणि हे असं ठरवायला इंग्रज लागतो. त्यात आटेही एका जातीचे नाहीत. एखादा बोल्ट हरवला तर अण्णा नाना पेठ पालथी घालतात, मग रविवारी जुना बाजार, आणि शेवटी भोसरीतल्या लेथवाल्याकडून करून आणतात. तीन रुपयांच्या वस्तूसाठी तीन दिवस गेले की त्यांचा चेहरा असा खुलतो की विचारूच नये.

नंतर सायलेन्सर वर गेला. ओढ्यातून जाताना पाणी शिरू नये म्हणून. पुण्यात एवढे ओढे कुठे, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी मला गेल्या पावसाळ्यातला सिंहगड रोड आठवायला सांगितला. हा सायलेन्सर उजव्या बाजूला. वहिनी एका बाजूला, डावीकडे पाय सोडून बसतात म्हणून त्या वाचल्या. पलीकडे लोंबणारी त्यांची रेक्झिनची पर्स वाचली नाही. नवी पर्स अण्णांनी आणून दिली, पण हिशेबाच्या वहीत ती ‘एक्झॉस्ट’ या सदरात लिहिली.

२०२१ मध्ये जुन्या गाड्यांच्या नोंदणीचा नियम आला. पन्नास वर्षांवरची गाडी, मूळ स्वरूपात राखलेली. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं मिळणार. गाडी रस्त्यावर नियमित वापरायची मात्र नाही. आता सुधारणांचं काय होणार म्हणून आम्ही धास्तावलो. अण्णांनी नियम दोनदा वाचला. चेसी बदलायची नाही, इंजिन बदलायचं नाही, इथपर्यंत मान डोलावली. ‘नियमित वापर नाही’ या कलमावर त्यांना खरोखर हसू आलं. ‘ही अट तर आपण आधीपासूनच पाळतोय.’

चालू करण्याचा विधी मात्र त्यांनी बदललेला नाही. पेट्रोलचा कॉक उघडायचा. कार्ब्युरेटरची टिकली बोट ओलं होईपर्यंत दाबायची. स्पार्कचा खटका मागे घ्यायचा, व्हॉल्व्ह उचलून पिस्टन नेमक्या जागी आणायचा आणि मग सगळं वजन टाकून एक लांब किक. या वेळी जिन्यात कोणी बोलायचं नाही. जागा चुकली तर किक उलटी येते आणि माणूस लंगडतो. सोसायटीच्या वार्षिक सभेला अण्णा लंगडत आले की पावसाळी कामं सुरू झाली असं आम्ही धरतो. चालू झाली की तो ठोका, धप्, धप्, धप्, आणि वरच्या मजल्यावरून खिडकी लावल्याचा आवाज.

मध्यंतरी बीएसएचं नाव महिंद्रांच्या कंपनीने घेतलं आणि २०२४ मध्ये नवी गोल्ड स्टार भारतात आली. मुलाने अण्णांना चालवून बघायला नेलं. अण्णा परत आले ते गप्प. चहा झाल्यावर म्हणाले, ‘गाडी उत्तम आहे. बटण दाबलं की चालू. तेल गळत नाही. ब्रेक लागतात.’ जरा थांबले. ‘पण मग माणसाने करायचं काय?’

तेलाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. प्रायमरी चेनचं झाकण पत्र्याचं, ते जन्मापासून गळतं. खाली पुठ्ठा, पुठ्ठ्यावर डाग. डागाच्या आकारावरून अण्णा तब्येत सांगतात. ‘गळतंय म्हणजे आत तेल आहे,’ हा त्यांचा दिलासा. पण कच्च्या रस्त्याला निघायचं तर हे चालणार नाही, म्हणून त्यांनी यंदा झाकण काचेवर घासून सपाट केलं, गॅस्केट हाताने कापलं, आणि आठवडाभर पुठ्ठा कोरडा राहिला. जाता जाता मागच्या चाकाला ओढ जास्त मिळावी म्हणून पुढच्या स्प्रॉकेटचा एक दातही कमी केला.

आणि ते खरंच गेले! मी मागे माझ्या स्कूटरवर. नसरापूर, वेल्हे, तोरणा उजवीकडे ठेवून केळदच्या दिशेने. पावसाने उखडलेल्या खडीच्या पट्ट्यावर बीएसए अशी काही चढली की गुरं राखणारी दोन पोरं टाळ्या वाजवत मागे धावली. अण्णा उभे राहून चालवत होते. या वयात उभं राहून! मी घसरलो, ते नाही.

परतताना हायवेवर मात्र इंजिन किंचाळायला लागलं. एक दात कमी म्हणजे वेग कमी आणि फेरे जास्त. मागून येणारे ट्रक हॉर्न देत होते. अण्णांनी चहाच्या टपरीवर गाडी लावली, खाली वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं.

‘दात परत वाढवावा लागणार,’ ते म्हणाले. ‘म्हणजे प्रायमरी खोलायची, क्लच उतरवायचा, मग तो हाताला लागतो.’

‘म्हणजे ते झाकण पुन्हा?’

‘पुन्हा,’ अण्णा म्हणाले आणि दोन कटिंग सांगून खिशातून वही काढली. घरी पोचल्यावर वहिनींनी त्यांचा चेहरा पाहिला आणि मला म्हणाल्या, ‘भावजी, काय मोडलं? एवढे खूश आहेत ते!’