पत्रावळ खाऊन टाकली

राहात्याच्या माणसाला परमुलखात जाताना दोन काळज्या: पेरू नेऊ देतील का आणि भाकरी मिळेल का. पेरूचा निकाल लेकीनं फोनवरच लावला, "पप्पा, ताजी फळं अमेरिकेत आणू देत नाहीत." भाकरीबद्दल मात्र म्हणाली, "मिळेल. पण आपली नाही."

वॉशिंग्टनला खेटून सिल्व्हर स्प्रिंग आहे. तिथं इथिओपियन खाणावळी गल्लोगल्ली. खुद्द वॉशिंग्टनात यू स्ट्रीटला जायचं आणि लॉस एंजेलिसला तर २००२ पासून एका भागाचं नावच 'लिटल इथिओपिया', ही माहिती जावईबापूंनी गाडीतच पुरवली.

टेबलावर परातीएवढं ताट आलं. त्यात ताटभर पसरलेलं राखाडी, जाळीदार धिरडं. हीच इंजेरा. तिच्यावरच डाळी, कोबी, पालेभाजीचे ढीग. मी माझ्या ताटाची वाट बघत बसलो.

"पप्पा, चौघांत हेच ताट. आणि शेवटी ही पत्रावळही खायची."

खरकटी भांडी नाहीत म्हणून ही खूश झाली. मग कोपरा उचलून बघितला. "अहो, एकाच बाजूनं भाजलीय! आत्याबाईंनी मला तव्यासकट माहेरी धाडलं असतं."

वाढणाऱ्या बाईंनी लेकीमार्फत खुलासा केला. टेफचा दाणा खसखशीएवढा. त्याचं पीठ दोन-तीन दिवस आंबवायचं, तव्यावर ओतायचं, झाकण ठेवायचं. उलटायचं नाही, नाहीतर वरचे 'डोळे' मिटतात. एरिट्रियात हिलाच 'तायता' म्हणतात.

आम्ही शाकाहारी, म्हणून जावईबापूंनी उपासाचं ताट सांगितलं होतं. "उपासाला मसुराची डाळ?" हिनं हात आखडता घेतला. तिकडे बुधवार-शुक्रवार उपास. मांस, दूध, अंडी वर्ज्य, डाळ चालते. मधोमध 'शिरो' होता. शिरा समजून मोठा घास घेतला, तर निघालं हरभऱ्याच्या पिठाचं लालभडक पिठलं!

ही माणसं स्वतःला 'हबेशा' म्हणवतात. म्हणजे आपल्या बखरीतले हबशी. एकदम मलिक अंबर आठवला. तिकडचाच पोरगा, गुलाम म्हणून विकला जात आमच्या नगरच्या निजामशाहीत पोचला, वजीर झाला. १६१० मध्ये खडकी वसवली, नहर आणली, जमीनमहसूल लावून दिला. एवढा खटाटोप केला, तर एक इंजेराचा तवाही आणायचा होता! माझं विमानाचं तिकीट वाचलं असतं.

शेवटी रस प्यायलेली पत्रावळ उरली. सगळ्यांत चवदार तीच. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "गुर्शा!" म्हणजे आपल्या हातानं दुसऱ्याला घास भरवायचा. लेक-जावई टाळ्या पिटू लागले. मी घास उचलला. ही म्हणाली, "आधी नाव घ्या." लग्नातला उखाणा आठवला, पण तो जिलबीचा होता. इंजेराला यमक जुळेना. घास हातातच गार झाला.

मग कॉफी आली. तीन फेऱ्या असतात, प्रत्येक फेरीला नाव. पहिलीला म्हणतात 'अबोल'.

ही ती फेरी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पीत होती.