शून्य थकबाकीचा समुद्र

जिथली गोदावरीसुद्धा त्र्यंबकेश्वरी उगम पावून, अवघ्या ८० किलोमीटरांवरील अरबी समुद्राकडे पाठ फिरवून बंगालच्या उपसागराची वाट धरते, त्या नाशकात भर दिवाणखान्यात समुद्र थाटण्याची उमेद बाळगणारा जो अल्पसंख्य परंतु निग्रही वर्ग उदयास आला आहे, त्याचा अव्वल प्रतिनिधी बहुधा सेवानिवृत्त हिशेबतपासनीस असतो.

उभी हयात इतरांच्या जमाखर्चावर आक्षेप काढण्यात गेल्याने हा गृहस्थ खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीचेही रीतसर दप्तर ठेवतो. लिटरमागे ३५ ग्रॅम क्षार, तपमान २५ अंश, अशा नोंदी रोजकीर्दीत दुवक्त होतात. वैशाखात वीज गेली की इन्व्हर्टर प्रथम टाकीच्या पंपाच्या तैनातीस रुजू होतो आणि कुटुंबीय वर्तमानपत्राने वारा घेत बसतात. दगडी प्रवाळांस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे कवच असल्याने, कायदेभीरू स्वभावानुसार तो मृदू प्रवाळांवरच संतुष्ट असतो.

त्याचे हाडवैर माशांच्या खाण्यातून पाण्यात साचणाऱ्या नायट्रेट आणि फॉस्फेट यांच्याशी. ही त्याच्या लेखी थकबाकी. आणि ती निरंक झाल्याखेरीज त्यास अन्न गोड लागत नाही. नळीत थेंब मोजून टाकावेत, ती खिडकीच्या उजेडात रंगपट्टीशेजारी धरावी, आणि गुलाबी छटेचा नुसता संशय आला तरी माशांना एकादशी घडवावी, हा नित्यक्रम. अखेर पाणी इतके निष्कलंक होते, की पाहुण्यांना टाकी रिकामी वाटावी. आणि नेमके त्याच सुमारास प्रवाळ मिटू लागते, फिके पडते व वाळूवर तपकिरी, चिकट थर धरतो.

वास्तविक प्रवाळाचा चरितार्थ बव्हंशी त्याच्या पेशींत बिऱ्हाड केलेल्या सूक्ष्म शैवालांवर चालतो, आणि त्या बिऱ्हाडकरूंना नायट्रेटातले नत्र व फॉस्फेटातले स्फुरद दोन्ही लागतात. समुद्रातील प्लवकांत नत्राच्या १६ अणूंमागे स्फुरदाचा साधारण १ अणू असतो, हे रेडफील्ड या शास्त्रज्ञाचे प्रमाण कोणी सांगितलेच, तर तो चष्मा सावरून उत्तरतो, “आमच्याकडे दोन्ही शून्य, म्हणजे प्रमाण बिघडायला जागाच नाही!”

अशा सत्पुरुषांस विनंती एवढीच, की लिटरमागे नायट्रेट दोन ते दहा मिलिग्रॅम आणि फॉस्फेट ०.०५ मिलिग्रॅमच्या आसपास खुशाल शिल्लक राहू द्यावे, मापे एका रात्रीत बदलू नयेत, आणि एकादशी हवी तर स्वतः करून माशांना मात्र वेळच्या वेळी जेवू घालावे.