थार काढून जिप्सी? शिव शिव शिव!

ऐकलंत का? नसेल ऐकलं तर जरा अलीकडे सरका, ही मोठ्यानं बोलायची गोष्ट नव्हे. आमच्या कुरवंड्यात एक चांगल्या घरचा, धडधाकट, कर्जाचे हप्ते वेळेवर भरणारा माणूस आपली चार वर्षांची थार काढून तिच्या जागी 1998 सालची जिप्सी आणायची म्हणतोय. बरं, दिवाळीच्या फोटोपुरती दारात उभी करायला आणली असती, तर आपणही दोन शब्द कौतुकाचे बोललो असतो. पण नाही. रोज चालवायला! लोणावळ्याच्या पावसाळ्यात!

नाव मी घेणार नाही. भाऊ म्हणू. गावातलं शेंबडं पोरही ओळखेल म्हणा, कारण गेला महिनाभर आमच्याकडे दुसरा विषयच नाही. दूध घालणारा विचारतो, 'झाला का व्यवहार?' एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे दोघं कट्ट्यावर शेजारी बसून 'डिझेल बरी की पेट्रोल' यावर वाद घालतात.

आणि हे खूळ एकट्या भाऊंचं असतं तर सोडून दिलं असतं. पण रविवारी भुशी धरणाच्या रस्त्याला जाऊन बघा. पर्यटकांच्या रांगेत मधूनच जुन्या जीपा: एखादी हाय-बोनेट, एखादी एमएम 540, एखादी कमांडर. अहो, कमांडर! जिच्यात आपण मागच्या आडव्या बाकावर चौदावे म्हणून बसलो, मांडीवर दुसऱ्याचं पोर आणि पायाशी तिसऱ्याची कोंबडी घेऊन, ती काळी-पिवळी कमांडर. आता तिला मातकट हिरवा रंग, जाड टायर, आणि बोनेटवर अमेरिकन सैन्याचा पांढरा तारा. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरली होती जणू!

तसा जीपचा आणि मुंबईचा संबंध जुना. 1945 मध्ये कंपनी निघाली ती महिंद्र अँड मोहम्मद नावानं. पुढे माझगावात विलिज जीप जोडायला लागले. फाळणी झाली, भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर जनरलही. इकडे 1948 मध्ये कंपनीचं महिंद्र अँड महिंद्र झालं. पुढची कित्येक वर्षं जीप म्हटली की तहसीलदार, फॉरेस्टवाले, नाहीतर कर्णा लावलेला निवडणुकीचा उमेदवार. ती अंगणात आली तर घरातल्यांच्या पोटात गोळा यायचा. तीच बाई आता हौसेनं अंगणात हवी!

जिप्सीचं तर विचारूच नका. 1985 ला मारुतीनं आणली, एक हजार सीसीलाही न पोचणारं इंजिन घेऊन. 1996 ला 1300 सीसीची 'किंग' आली. मग पोलिसांनी घेतली, लष्करानं घेतली, हिमालयातल्या रॅलीवाल्यांनी डोक्यावर घेतली. घरगुती गिऱ्हाइकानं मात्र एकदा मागच्या आडव्या सीटवर बसून पाहिलं आणि हात जोडले. 2019 मध्ये एबीएस, एअरबॅग असले नियम आले आणि बाजारातून तिचा पत्ता कटला. कटला म्हणताच लोकांना तिची आठवण यायला लागली. पूर्वी पांढरी जिप्सी दिसली की लोक पळायचे, आता तिच्यामागे पळतात.

तिच्याच घराण्यातली नवी पाच दारांची जिम्नी 2023 ला आली, तर आमच्या लोकांनी 'महाग आहे हो' म्हणून नाकं मुरडली. तीच गुरुग्रामला बनलेली गाडी 2025 च्या सुरुवातीला जपानला गेली आणि चारेक दिवसांत पन्नास हजार ऑर्डरी आल्या. सुझुकीला बुकिंग बंद करावं लागलं! आपल्याकडे मुलगी सासरी गेल्याशिवाय तिचे गुण कळत नाहीत.

तर भाऊ. भाऊंचं म्हणणं ऐकून घ्या, मग हसा. म्हणजे हसायचं आहेच, पण माणूस अगदीच वेडा नाही.

त्यांची थार डिझेलची, बीएस 6. एप्रिल 2020 पासूनच्या अशा डिझेल गाड्यांना धुरातली काजळी अडवणारी गाळणी असते, डीपीएफ म्हणतात. ती काजळी जाळायची तर गाडी सलग पंधरा-वीस मिनिटं बऱ्या वेगात चालायला लागते. आता कुरवंड्याहून लोणावळ्याच्या बाजारात जाऊन-येऊन कसला वेग? सहा-सात किलोमीटर, त्यात चढ, वळणं, आणि शनिवार-रविवारी मक्याच्या कणसांच्या गाड्यांपाशी उभी राहिलेली अख्खी मुंबई. काजळी साठते, डॅशबोर्डवर दिवा लागतो. मग भाऊ काय करतात? रात्री जेवण झालं की किल्ली घेऊन निघतात. एकटे! एक्स्प्रेसवेनं तळेगावच्या दिशेनं जातात आणि तसेच परत येतात. विचारलं तर म्हणतात, 'गाळणी जाळायला गेलो होतो.' सांगा, कुठल्या बायकोनं यावर विश्वास ठेवावा? वहिनींनी एकदा मागच्या सीटवर बसून खात्री करून घेतली असं म्हणतात. मी काही पाहिलेलं नाही.

दुसरं म्हणजे वजन. थार पावणेदोन टनाच्या आसपास, जिप्सी जेमतेम टनभर. चिखलात इंजिनाच्या ताकदीपेक्षा हलकं अंग कामाला येतं, हे खरंच आहे. भाऊ तर थेट इतिहासात शिरतात. म्हणतात, फेब्रुवारी 1661 मध्ये मुघल सरदार कारतलबखान आपल्या इथूनच, कुरवंडे घाटानं, फौज, तोफा, लवाजमा घेऊन खाली उतरला आणि उंबरखिंडीत अडकला. महाराजांच्या हलक्या फौजेपुढे त्याचं काही चाललं नाही, सगळं सामान टाकून जीव वाचवून गेला. 'तो थारवाला होता, वहिनी!' असं ते शेजारच्या वहिनींना सांगत होते. शिवाजी महाराजांना जिप्सीत बसवणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

आणि तिसरं कारण ते उघड बोलत नाहीत, पण मला कळलंय. थारमध्ये चारही चाकांना जोर देणारा फोर-लोचा दांडा आहे, तो त्यांनी कधी खऱ्या कामासाठी ओढलेलाच नाही. साडेसहाशे मिलिमीटर पाण्यातून जाईल म्हणून घेतलेली गाडी, पाणी बघते ते धुवायच्या दिवशी. एवढी सगळी ताकद आणि तिला काम नाही, याची कुठंतरी लाज वाटत असणार. जुनी गाडी घेतली की मात्र साधा बाजारहाटसुद्धा पराक्रम होतो.

तसं पाहिलं तर आमच्याकडे ऑफरोड म्हणजे काय? नागफणीला चढायची पायवाट आहे, ती पायांसाठीच आहे. बाकी एक तर फॉरेस्टची हद्द, नाहीतर कुणाच्या तरी भातखाचराचा बांध. आठ दिवस खपून घातलेला बांध एका चाकात बसतो, आणि चाकवाला वर येऊन रील टाकतो, 'एक्सप्लोरिंग मावळ'. ज्याचा बांध गेला त्याच्या तोंडचं एक्सप्लोरिंग मी इथं लिहू शकत नाही. रेवदंड्याला वाळूत रुतलेली फेरारी शेवटी बैलगाडीनं ओढून काढली, तो व्हिडिओ पाहिलात ना? मला तर फार बरं वाटलं होतं.

पण आता जिप्सीबाईंचेही गुण ऐका. मी गॅरेजवाल्या मिस्त्रींना गाठलं. हात ऑइलनं बरबटलेले, तोंडात सुपारी. म्हणाले, 'ताई, नव्या गाडीचा रोग लॅपटॉप सांगतो, जुनीचा माझा कान सांगतो. रस्त्यात बंद पडली तर पान्यानं चालू करून देईन. पण एक आहे, ती घेतली म्हणजे मलाही पगारावर घेतलं समजा.' मग बोटांवर मोजत सुरू झाले. पाटे बसलेले असणार, स्टेअरिंगला प्ले असणार, शाफ्टचे क्रॉस वाजणार, साठच्या पुढं गेली की सगळी गाडी कीर्तनाला उभी राहणार. आणि चासीला गंज. लोणावळ्यात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस. इथं तव्याला गंज चढतो, तर टनभर पत्र्याचं काय?

पावसावरून आठवलं. हुडातून पाणी गळतं ते सोडा, काचेचं काय? एसी नाही म्हणजे काचेवरची वाफ लवकर जात नाही. जुलैतलं आमचं धुकं बाहेर, वाफ आत, आणि तुम्ही एका हातानं स्टेअरिंग धरून दुसऱ्या हातानं फडकं फिरवताय. एअरबॅग नाही, एबीएस नाही, आणि समोरून भुशीहून परतणारी, भान हरपलेली बस.

त्यात पेट्रोल. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं. 1998 च्या गाडीचे रबरी पाइप, सील, कार्ब्युरेटरमधले वायसर हे काही इथेनॉल पिण्याच्या हिशेबानं केलेले नव्हते. बदलता येतात, पण 'साधी गाडी, काही खर्च नाही' या वाक्यातला पहिला अर्धा भागच खरा राहतो. या बाबतीत जुनी डिझेलची एमएम 540 बरी. थंडीत सकाळी हीटर लावून थोडं थांबायचं, मग सेल्फ मारायचा, की प्यूजोचं ते इंजिन साऱ्या आळीला उठवत सुरू होतं. इथेनॉलशी तिचं देणं-घेणं नाही. शेजाऱ्यांशीही नाही.

कागदांचं तर सांगते काय! पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी आरटीओत पासिंग. एप्रिल 2022 ला नूतनीकरणाची फी 600 वरून 5,000 झाली, 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना 10,000. वर हरित कर. वर ती नवी नंबरप्लेट, जिची मुदत इतक्या वेळा वाढली की लोक आता मुदत संपल्याची बातमी आली की पुढच्या मुदतीची वाट बघतात. तरी आपलं बरं, दिल्लीसारखं इतक्या जुन्या पेट्रोल गाडीला रस्ताच बंद असं इथं नाही. भाऊंना कुणीतरी सांगितलं, 'व्हिंटेजमध्ये नोंदवा.' अहो, 2021 च्या नियमात व्हिंटेजला गाडी पन्नास वर्षांवरची लागते, आणि तशी नोंदवलेली गाडी रोजच्या वापराला काढताच येत नाही. जिप्सीतली सगळ्यात थोरलीसुद्धा 2035 शिवाय त्या वयात येत नाही.

आणि फसवणूक! हरियाणातल्या मंडी डबवालीला जीपा अशा जोडून मिळतात जशी आपल्याकडे भेळ. बोनेट एकीचं, चासी दुसरीची, इंजिन तिसरीचं, आरसीबुक चौथीचं. विकणारा सांगणार 'आर्मी डिस्पोजल'. जितक्या जीपा आर्मी डिस्पोजलच्या म्हणून विकल्या गेल्यात, तितक्या लष्कराकडं कधी होत्या का देव जाणे. मिस्त्री म्हणतात, रंग बघू नका, चासीचा नंबर घासून, कागदावर पेन्सिलीनं छाप काढून बुकाशी ताडून बघा. मग जाड टायर, वेगळं इंजिन, कापलेलं टप. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्येच सांगितलंय की कंपनीनं जशी दिली त्याच्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाही. पण हौसेपुढे न्यायालय कुठं आडवं येतं!

माझं मत विचाराल तर, आणि नाही विचारलं तरी, जिप्सी घ्यावी ज्याचा रोजचा रस्ता कुरवंडे ते लोणावळा एवढाच आहे, ज्याच्याकडे मिस्त्री आहे, आणि जिथं पोचायचं तिथं उशीर झाला तर कुणी ओरडत नाही. ज्याला सकाळी एक्स्प्रेसवेनं हिंजवडीला जायचंय, जिथं कडेनं शंभरच्या वेगानं गाड्या जातात, त्यानं थारच्या स्टेअरिंगला हार घालून गप्प बसावं. हे मी भाऊंना तोंडावर सांगितलं. ते खुलले. म्हणाले, 'बघा, म्हणजे जिप्सीच! मी तर हिंजवडीला कंपनीच्या बसनं जातो.'

इथंच मला खरी बातमी लागली. भाऊ बसनं जातात. आठवड्यातून दोनदा. मग थार रोज चालवतं कोण?

वहिनी! लोणावळ्यातल्या शाळेवर शिकवायला जातात त्या. सकाळी सातला पोरांना मागं घालून, भर पावसात, भर धुक्यात. रोजचा तो रस्ता त्यांचा, ती काजळी त्यांची, आणि गाडी बदलायची चर्चा गावभर, पण घरात त्यांना विचारलं कुणी? दूधवाल्यानं!

मी विचारलं, 'वहिनी, तुम्ही काही बोलत कशा नाही?' त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, 'बोलायचं काय? जिप्सी मी चालवून बघितली मागच्या आठवड्यात. छान आहे. क्लच जड आहे जरा. हवी तर घ्यावी त्यांनी.'

'आणि थार?'

'थार विकायची तर बँकेचं एनओसी लागतं, फॉर्म 29 लागतो, फॉर्म 30 लागतो. त्यावर मालकाची सही लागते.' मेथीची काडी मोडून त्यांनी बाजूला टाकली. 'कर्ज बाईच्या नावावर घेतलं की व्याज जरा कमी पडतं, म्हणून ह्यांनीच तेव्हा गाडी माझ्या नावावर घेतली. विसरलेत वाटतं.'

कुठं बोलू नका हं. भाऊंना अजून कुणी सांगितलेलं नाही, आणि जिप्सीचं टोकन ते शनिवारी देणार आहेत.