दोन लिटर गंगा

आमच्या घरात काळे, फसफसणारे आणि नाकात झिणझिण्या आणणारे जे काही असेल ते सगळे 'थम्सप'. 1977 साली कोकाकोला देशातून गेला, त्याच वर्षी थम्सअप आले, आणि आमच्या घराण्याने तेव्हा पकडलेले नाव पुढे कोक परत आला तरी सोडले नाही. 'पेप्सी' म्हणजे शाळेबाहेर मिळणारा, प्लास्टिकच्या नळीत गोठवलेला रंगीत बर्फ. आत्याला तर हे सगळेच 'कोल्ड्रिंग'. एवढी शब्दसंपदा घरात असताना आत्याला रामेश्वरला घेऊन जायला मी भाषेची फिकीर कशाला करू? शिवाय खुणांची भाषा मला उत्तम येते असे माझे मत आहे. बायकोचे मत वेगळे आहे, पण ती बरोबर नव्हती.

बरोबर होती ती बाटली. हिरवी, प्लास्टिकची, दोन लिटरची. मुळात तिच्यात लिंबाच्या चवीचे कोल्ड्रिंग होते. आता काशीची गंगा होती. आतोबा काशीला गेले तेव्हा घाटावरचा तांब्याचा गडू त्यांना महाग वाटला, म्हणून गाडीत प्यालेली बाटली विसळून तीच भरून आणली. काशीची गंगा रामेश्वराला घालायची आणि रामेश्वरची वाळू काशीला न्यायची, म्हणजे यात्रा पुरी. आतोबांची अर्ध्यावरच राहिली. बाटली देवघरात, लेबलासकट. ती आता आत्याच्या मांडीवर बसून निघाली होती.

सोलापूरपर्यंत फलाटावर 'कोल्ड्रिंक, कोल्ड्रिंक' असा पुकारा होता. गुंतकल मागे पडले तसे 'कूल ड्रिंक्स' सुरू झाले. कोल्डचे कूल झाले, बाटली मात्र तितकीच कोमट.

मदुराईला मीनाक्षीचे देऊळ पाहिले. 14 गोपुरे आहेत. मान मोडेपर्यंत पाहिली. पण सकाळी तुपाने थबथबलेले पोंगल मी जरा श्रद्धेनेच खाल्ले होते, आणि चौथ्या-पाचव्या गोपुरापासून माझे सगळे लक्ष पोटातल्या वायूकडे लागले होते. बाहेर येताच सोड्याचे दुकान शोधले.

दुकान एवढेसे. एक फ्रिज, एक बाक, आणि क्रेटमध्ये गोटी सोड्याच्या बाटल्या. या बाटलीवर माझा फार जीव. हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने 1872 साली तिचे पेटंट घेतले. आतला वायूच गोटीला वर रेटून गळ्यातल्या रबरी कड्याशी घट्ट धरतो, म्हणजे बाटलीला तिचेच पोट झाकण लावते. गोटी आत दाबली की ती खालच्या चिमट्यात अडकते, आणि ओतताना परत तोंडाशी येत नाही. माझ्या पोटाला अशी काही सोय नाही.

"सोडा," मी म्हणालो.

"पन्नीर सोडा?" दुकानदार म्हणाला.

आत्या दचकली. "अरे, आज एकादशी. पनीर चालेल, दुधाचंच असतं. पण सोडा? आणि दोन्ही एकत्र कोण पितं?" मी खुणेने पनीरचे चौकोनी तुकडे करून दाखवले. दुकानदाराने मला बर्फाचे तुकडे दिले. शेवटी बाकावरच्या एका कॉलेजकुमाराने हिंदीत खुलासा केला : तमिळमध्ये पन्नीर म्हणजे गुलाबपाणी. आत्याचा जीव भांड्यात पडला.

मग दुकानदार अदबीने आत्याकडे वळला. "अम्मा, कलर?"

"काळा नको," आत्या पदर सावरत म्हणाली, "यात्रेला निघालेय." तिला वाटले, पलीकडच्या दुकानातल्या साड्यांचे चालले आहे. तिकडे रंगीत, गोड कोल्ड्रिंगालाच 'कलर' म्हणतात. पाहुणा आला की पूर्वी कलर मागवायचे, असे कॉलेजकुमार सांगू लागला. मी ऐकत होतो. आत्या ऐकत होती. काउंटरवर ठेवलेल्या हिरव्या बाटलीकडे कोणाचेच लक्ष नव्हते. नव्हते म्हणजे, दुकानातल्या पोऱ्याचे होते. उघडलेली बाटली उन्हात राहिलेली पाहून त्याने ती मुकाट्याने फ्रिजमध्ये ठेवली.

तेवढ्यात पांढरी वेष्टी नेसलेले एक गृहस्थ आले. त्यांनी लिंबाचे कूल ड्रिंक्स मागितले. पोऱ्याने पेला भरला. त्यांनी एक घोट घेतला, थांबले, पेला उजेडात धरला, आणि दुकानाकडे पाहून तक्रार केली : "ग्यास इल्लै."

गॅस नाही. माझ्या पोटात होता तेवढा सगळा सोडून जगात कुठे शिल्लकच नव्हता. मी हसलो. मग आत्याला पोऱ्याच्या हातातली बाटली दिसली.

आत्याने जी हाक मारली तिने फुलवाल्यापासून चपला सांभाळणाऱ्यापर्यंत सगळे जमा झाले. जमावाला समजावणे माझ्याकडे आले. गंगा खुणेने कशी सांगायची? मी शंकर झालो. डोक्यावर जटा बांधल्या, जटांतून धार खाली सोडली. पोऱ्याने धावत जाऊन पाण्याची बादली आणि मग आणला. मी पुन्हा जटा बांधल्या. फुलवाल्याने साबण पुढे केला. या देशात एवढे शिवभक्त, आणि शंकर एकालाही ओळखू येऊ नये, याचा मला मनस्वी राग आला.

"तू गप्प बस," आत्या म्हणाली, आणि बाटलीवर हात ठेवून तिने तीनच शब्द उच्चारले. "काशी. गंगा. रामेश्वरम्."

सगळे गप्प झाले. वेष्टीवाल्या गृहस्थांनी चपला काढल्या, पेला डोळ्यांना लावला आणि उरलेले पाणी थेंबही न सांडता प्याले. मग कॉलेजकुमाराच्या कानाशी काही बोलले. घरी म्हातारी आई आहे, काशीला जाणे आता तिला जमायचे नाही. थोडे मिळेल का?

आत्याने बाटली उचलून पाणी किती राहिले ते पाहिले. पोऱ्याने एक रिकामी बाटली धुऊन दिली, बोवोंटोची. द्राक्षांच्या चवीचे हे पेय ज्या कंपनीचे, ती 1916 साली मदुराईजवळच्या विरुदुनगरला सुरू झाली, आणि तमिळनाडूत अजून त्याचे नाव घेतात. आत्याने तीत धार सोडली, अर्ध्यावर थांबली, मग पुरी भरली. "आतोबा असते तर म्हणाले असते, गडूचे पैसे वाचवले, आता पाणीही वाट," ती म्हणाली आणि बराच वेळ बाटलीचे बूच घट्ट करत राहिली.

दुकानदाराने माझ्या सोड्याचे पैसे घेतले नाहीत. तो सोडा मला मिळालाही नव्हता.

संध्याकाळी जिगरठंडा प्यालो. नावात ठंडा असला तरी हे कोल्ड्रिंग नव्हे : आटवलेले दूध, बदामाचा डिंक, वर आइस्क्रीम, आणि नन्नारीचे सरबत. नन्नारी म्हणजे आपली उपळसरी. रात्री झोप लागली.

रामेश्वरला उरलेल्या गंगेचा अभिषेक यथासांग झाला. पुजाऱ्यांनी लेबल तेवढे आधी सोलायला लावले. वाळू आणली आहे, ती गव्हाच्या रिकाम्या डब्यात आहे. काशीला कोणी निघत असेल तर कळवावे. आणि येताना गंगा आणणार असाल, तर कृपा करून गडूतच आणा.