स्कॅनर आधी भंगाराच्या दुकानात न्या

शहराचं डिजिटल ग्रंथालय कसं असावं, याची चर्चा सुरू झाली की पहिला अर्धा तास खरेदीत जातो. सर्व्हर केवढा, टॅब किती, स्पर्धा परीक्षेची ई-पुस्तकं कुणाकडून, अभ्यासिकेला एसी किती टनांचा. गोळा काय करायचं आणि कुणासाठी, हा प्रश्न निविदा निघाल्यावर आठवतो. पिंपरी-चिंचवडला हा क्रम परवडणारा नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. जे दुसरीकडे कुठंच मिळत नाही आणि जे डोळ्यांदेखत रद्दीत चाललंय, ते आधी उचला. बाकीचं थांबू शकतं.

साने गुरुजी १९५० साली गेले, बहिणाबाई १९५१ साली. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं उलटली की पुस्तक सर्वांचं होतं. या दोघांचं लेखन केव्हाच मुक्त झालंय आणि इंटरनेटवर आहे. मराठी विश्वकोश इंटरनेटवर आहे, जुनी गॅझेटियर आहेत, आयआयटी खरगपूरनं चालवलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे. तेच पुन्हा स्कॅन करून ‘पन्नास हजार पुस्तकांचं ग्रंथालय’ असा फलक लावण्यात करदात्याचा एक रुपयाही घालू नका. दुवा द्या, पुढं चला.

आता याच शहरातल्या भोसरीत या.

एमआयडीसीतला एखादा लहान गाळा बंद होतो तेव्हा काय होतं? लेथ आणि मिलिंग मशीन विकली जातात, त्यांना गिऱ्हाईक असतं. मोटारींतलं तांबं वेगळं निघतं. उरतं ते कपाट. त्यात अमोनिया प्रिंटवरची ड्रॉइंग, जॉब कार्डं, तपासणीची रजिस्टरं आणि बऱ्याचदा एखाद्या जुन्या टर्नरची वही. अशा वहीच्या कडा तेलानं काळ्या झालेल्या असतात. डाव्या पानावर कोष्टक: अमुक पिचचे आटे पाडायचे तर लेथला कुठली गिअर लावायची. उजव्या पानावर त्याच्या हातचे शेरे: हाय स्पीड टूलवर चिप निळी पडायला लागली की स्पीड खाली आणायचा, या माणसाचा कास्टिंगचा माल कडक येतो, पहिला कट खोल घ्यायचा. शब्द इंग्रजी-मराठीची सरमिसळ, अक्षर देवनागरी. हे ज्ञान आयटीआयच्या पुस्तकात नाही, कंपनीच्या मॅन्युअलमध्ये नाही. ही वही किलोच्या भावानं जाते.

ज्या शहरानं वाहन उद्योगाला सुटे भाग पुरवले, त्या शहराच्या ग्रंथालयात सुटे भाग कसे केले याचा एक कागद नसावा, ही लाजेची गोष्ट आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये याच शहरातल्या कुदळवाडीत छोट्या कारखान्यांच्या आणि गोदामांच्या हजारो पत्राशेडवर बुलडोझर चालला. बांधकामं अधिकृत होती की अनधिकृत, हा वाद वेगळा. पण एवढी मोठी वसाहत उठते तेव्हा तिच्याबरोबर कामाच्या नोंदीही उठतात. त्या वाचवणं हे कुणाच्याच कामाच्या यादीत नव्हतं. आग विझवायला अग्निशमन दल असतं, तसं कागद उचलायला ग्रंथालयाचं एक पथक हवं आणि भंगारवाल्याकडे त्या पथकाचा फोन नंबर हवा. ‘ड्रॉइंग आणि वह्या आल्या तर कळवा, रद्दीपेक्षा दुप्पट भाव देऊ.’ एवढी एक ओळ टॅबच्या साऱ्या खरेदीपेक्षा जास्त काम करेल.

दुसरी निकड माणसांची. इथं नगरपालिका झाली १९७० साली, महापालिका ११ ऑक्टोबर १९८२ रोजी. टेल्कोचा कारखाना आला साठच्या दशकात, बजाजचा आकुर्डीतला कारखानाही त्याच सुमाराचा. तेव्हा विशीत कामाला लागलेला फिटर आज पंच्याहत्तरीच्या पुढं आहे. त्याला बोलतं करायचं असेल तर पुढच्या अर्थसंकल्पाची वाट बघू नका.

मुंबईच्या गिरणगावाचा अनुभव समोर आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांचं कामगारांच्या तोंडच्या आठवणींचं पुस्तक, ‘वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस’, आलं २००४ साली. बावीस वर्षांनी, तेही दोघींनी मनावर घेतलं म्हणून. आपल्याकडे टेल्कोचा संघर्ष झाला. राजन नायर यांच्या संघटनेचे कामगार सप्टेंबर १९८९ मध्ये शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले आणि पोलिसांनी त्यांना रात्रीतून उचललं. व्यवस्थापनाच्या आणि उद्योगपतींच्या चरित्रांच्या पुस्तकांत हा प्रसंग नेतृत्वाचा धडा म्हणून येतो. तो एका बाजूचा धडा आहे. गेट मीटिंगची पत्रकं, पगारवाढीच्या करारांच्या सायक्लोस्टाइल प्रती, घरी चूल कशी चालली याच्या बायकांच्या आठवणी, आणि संपाच्या विरोधात राहिलेल्या कामगारांचं म्हणणंसुद्धा, हे सगळं एकाच ठिकाणी हवं. ग्रंथालयानं बाजू घेऊ नये, पण कुठलीच बाजू हरवूही देऊ नये.

हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचंही तसंच. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं पिंपरीत देशाचा पेनिसिलिनचा सरकारी कारखाना उभा राहिला. तिथं संशोधन झालं, हॅमायसिनसारखं औषध निघालं, ‘हिंदुस्तान अँटिबायोटिक्स बुलेटिन’ हे शास्त्रीय नियतकालिक निघालं. शहरातल्या किती शाळकरी मुलांना हे ठाऊक आहे? एचएचं मैदान सगळ्यांना माहीत आहे, २०१६ साली एकोणनव्वदावं साहित्य संमेलन तिथं झालं म्हणून. मैदानाला नाव देणाऱ्या कारखान्याचे अंक चाळायला मिळतील असं एक पान शहराच्या संकेतस्थळावर असायला हवं.

आता जमीन. यावर मी जरा थांबणार आहे, कारण इथं ग्रंथालय म्हणजे करमणूक उरत नाही, हक्काचा पुरावा होतो.

नवनगर विकास प्राधिकरण १९७२ साली झालं. शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, पेठा पडल्या, भोसरीचं इंद्रायणीनगर त्यातूनच उभं राहिलं. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के परताव्यासाठी घराघरांत दोन-दोन पिढ्या हेलपाटे घालत राहिल्या. मग २०२१ साली प्राधिकरणच विसर्जित झालं, काही भाग पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (पीएमआरडीए) गेला, काही महापालिकेकडे. संस्था मोडते तेव्हा तिचं दप्तर दोन गोदामांत विभागलं जातं आणि नातवाला आजोबांच्या निवाड्याची प्रत हवी असेल तर त्यानं कुठल्या खिडकीवर उभं राहायचं, हे कुणी ठामपणे सांगत नाही. संपादनाच्या अधिसूचना, निवाडे, पेठांचे मंजूर नकाशे, प्राधिकरणाच्या सभांची इतिवृत्तं ही डिजिटल ग्रंथालयाच्या पहिल्या वर्षाची कामं आहेत. कादंबऱ्या दुसऱ्या वर्षी घेतल्या तरी चालतील.

आणि विकास आराखडा. मे २०२५ मध्ये सुधारित आराखड्याचा मसुदा जाहीर झाला, त्यावर हजारो हरकती आल्या. लोकांनी मोबाइलवर नकाशा बोटांनी मोठा करून आपल्या घरावरून रस्ता जातो का ते शोधलं. असा मसुदा बदलला की जुना संकेतस्थळावरून खाली उतरतो आणि कुणाच्या जागेवरचं आरक्षण कुठल्या टप्प्यावर हललं, हे तपासायची वाट बंद होते. ग्रंथालयानं प्रत्येक टप्प्याची प्रत तारखेसह ठेवावी: मसुदा, हरकतींचा गोषवारा, समितीचा अहवाल, अंतिम नकाशा. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतरचा मोठा काळ ठराव प्रशासकांच्या सहीनं झाले. सभागृहात चर्चाच न झालेल्या त्या काळाचे कागद तर जास्तच जपायला हवेत. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार यातलं बरंचसं मागणी न करता उघड करायचंच आहे. ग्रंथालय ते शोधता येईल असं लावून देईल, एवढंच.

भाषांचं काय? भोसरी, चिखली, मोशीच्या पट्ट्यात खानदेशातून आलेली हजारो घरं आहेत. श्रावणात कानबाई बसते तेव्हा रात्रभर अहिराणी गाणी चालतात. पिंपरी कॅम्पात फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची तिसरी-चौथी पिढी आहे. बिहार-उत्तर प्रदेशातून आलेला कामगार इथल्याच खोलीत आपल्या गावची गाणी म्हणतो. हे ध्वनिमुद्रित करणं अवघड आहे असं कुणी म्हणालं तर त्याला जात्यावरच्या ओव्यांचा प्रकल्प दाखवा. गी पॉयटविन आणि हेमा राईरकर यांनी मुळशी-मावळापासून सुरुवात करून गावोगावच्या बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यातल्या कितीतरी आज आवाजासकट, गाणाऱ्या बाईच्या नावागावासकट ऐकता येतात. त्यांच्या पाठीशी महापालिकेएवढा पैसा नव्हता.

भोसरीची जुनी ओळखही राहून जाऊ देऊ नका. १८८५ च्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात इथल्या प्राचीन दगडी अवशेषांची नोंद आहे. गावातल्या वीरगळांची छायाचित्रं, भैरवनाथाच्या उत्सवाचे आणि कुस्त्यांच्या फडाचे जुने फोटो घराघरांतल्या अल्बमांत आहेत. त्यांच्या मागे तारीख लिहून घ्या, नाहीतर दहा वर्षांनी ते नुसते पिवळे चेहरे राहतील.

गोळा करणं हे अर्धं काम. वाटायचं कसं, यात आपण नेहमी घसरतो.

कागदाचा फोटो काढून पीडीएफ टाकली की काम झालं, असं समजू नका. ज्यात शब्द शोधता येत नाही ते पान वाचकाच्या दृष्टीनं कुलूपबंदच. आणि जे संगणकावर टाइप झालंय तेही सुरक्षित नाही. युनिकोड येण्याआधी सरकारी मराठी शिवाजी, श्रीलिपी अशा फॉन्टांत टाइप झाली. ती फाइल आज फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली तर ठरावाच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा चिखल दिसतो. ‘भूखंड’ शोधलं तर काहीच सापडत नाही. या जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणणं हे कंटाळवाणं, कुणाचा फोटो न छापून येणारं काम आहे. वाटपाच्या कामात तेच आधी करायला हवं.

पान साध्या मोबाइलवर, कमी डेटात उघडलं पाहिजे. वाचायला आधार क्रमांक मागू नका, लॉगिन मागू नका. कामगाराला करार वाचायचा असेल तर त्यानं आधी आपली ओळख पटवून द्यावी, ही अपेक्षाच चूक आहे.

मात्र गोळा करणं वेगळं आणि उघडं करणं वेगळं. हजेरीपटावरची नावं, पगाराच्या चिठ्ठ्या, जिवंत माणसांचे पत्ते, संपातल्या निलंबितांच्या याद्या हे जपून ठेवा, पण खुलं करू नका. त्याला वर्षांची मुदत घाला आणि ती मुदत नोंदीवर लिहा. कुणाची मुलाखत घेतली तर त्याला परत ऐकवा, नको म्हणेल तो भाग बंद ठेवा.

हक्काचा प्रश्न आला की अधिकारी हात वर करतात. करू नयेत. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली, कलम ५२ मध्ये सोय आहे: व्यापारी हेतू नसलेल्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे डिजिटल नसलेली प्रत असेल तर जतनासाठी तिची डिजिटल प्रत ठेवता येते. म्हणजे जपायला आजपासून मोकळीक आहे. लोकांना खुलं करायचं तर परवानगी हवी, १९८९ चं पत्रकसुद्धा कायद्यानं अजून कुणाचं तरी आहे. म्हणून एका पानाचा सोप्या मराठीतला संमतीचा फॉर्म करा. स्वखर्चानं कवितासंग्रह छापणारे कामगार-कवी या शहरात कमी नाहीत. त्यांना विचारलं तर बहुतेक जण हसत सही करतील, कारण त्यांच्या घरी माळ्यावर प्रती पडून आहेत.

सुरुवातीला इमारत नको. इथल्या एमआयडीसीला सुटी गुरुवारी असते. भोसरीतल्या अंकुशराव लांडगे नाट्यगृहाच्या व्हरांड्यात दर गुरुवारी एक टेबल मांडा. एक स्कॅनर, एक रेकॉर्डर, आणि दोन माणसं. त्यातला एक ग्रंथपाल असावा. दुसरा निवृत्त फिटर असावा, ज्याला ड्रॉइंग उलटं धरलंय की सुलटं हे बघताक्षणी कळतं आणि आलेल्या माणसाला कुठल्या मशीनवर होतास हे विचारता येतं. कागद आणणाऱ्याचे कागद त्याच दिवशी पावतीसकट परत द्यायचे, प्रत त्याच्या मोबाइलवर पाठवायची, आणि नोंदीत दात्याचं नाव त्याला हवं असेल तरच घालायचं.