खासगी बोलण्याची हद्द

अकोल्याच्या जुन्या शहरात खासगी आणि सार्वजनिक बोलण्यातली हद्द घराच्या ओट्यावरून जाते. ती पाळायची कोणी, एवढेच ठरलेले नाही. मोर्णेच्या पश्चिम काठावरच्या या वस्तीत असदगडाच्या तटाला दगड पुरले, गल्ल्यांना रुंदी पुरली नाही. त्यामुळे समोरच्या घरातली कुकरची शिट्टी आणि सासू-सुनेचा वाद सारख्याच स्पष्टपणे ऐकू येतात.

‘कुठी चालले भाऊ?’ हे येथले अभिवादन. ‘इकडंच’ असे उत्तर देणारा संशयित ठरतो. पगार, पोरीचे स्थळ, म्हाताऱ्याची शुगर हे विषय सार्वजनिक. खासगी उरतो तो भावाभावांतला हिश्श्याचा दावा. तोही तारखेच्या दिवसापर्यंतच.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. पीठात नागपूरचे शरद बोबडे होते, म्हणजे निकाल विदर्भाला परका नव्हता. ओट्यापर्यंत त्याची नक्कल मात्र अजून पोहोचलेली नाही.

व्हॉट्सॲपची निळी टिक २०१४ साली आली, पाठोपाठ ती बंद करण्याची सोयही आली. ती वापरणाऱ्याकडे ‘मेसेज भेटला काय?’ हे विचारायला पाठवणारा जातीने येतो. ‘कोनाले सांगू नको’ हे वाक्य फोन स्पीकरवर ठेवूनच उच्चारले जाते.

हद्द आखण्याचा खात्रीचा उपाय एकच, दार लावून घेणे. भरदिवसा लावलेल्या दारामागे काय चालले असेल, यावर मग ओट्यावर सविस्तर चर्चा होते.